विसण, मिजास आणि टेंपरेचर

नरकचतुर्दशीच्या पहाटे बंबातलं कढत पाणी घंगाळात पडतं. आजी त्यात हात घालते, झटकन बाहेर काढते आणि म्हणते, ‘‘विसण घाल गं थोडं.’’ गार पाण्याचा तांब्या ओतला जातो, हात पुन्हा बुडतो. ‘‘हं, आता बेताचं झालं.’’

या बेताचं करण्याला लॅटिनमध्ये क्रियापद आहे : ‘टेंपेरारे’, म्हणजे योग्य प्रमाणात मिसळणं. रोमन लोक दारूत पाणी घालत, त्यालाही हाच शब्द. ‘टेंपरेचर’ त्यातूनच आला. मूळ अर्थ उष्णता नव्हे, जमून आलेलं मिश्रण. अंड्याच्या बलकात रंग कालवून काढलेली ‘टेंपेरा’ चित्रं याच कुळातली.

मिश्रणाची गाठ गरम-गाराशी घातली वैद्यांनी. इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलेन मानत असे, की शरीरात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार रस असतात. उष्ण, शीत, कोरडं, ओलं या गुणांचा मेळ बसला की माणूस निरोगी. औषधांच्या उष्ण-शीतपणाच्या त्याने चार-चार पायऱ्या ठरवल्या. आपल्याकडे ‘पपई उष्ण पडते’ म्हणतात, त्यातला हिशेब याच्याजवळचाच.

गेलेनचं हे शास्त्र अरबीत गेलं. तिथे मिश्रणाला शब्द मिळाला ‘मिजाज’. इब्न सिनाच्या वैद्यकग्रंथात त्याची सविस्तर चर्चा आहे. मिजाज म्हणजे प्रत्येकाच्या शरीराची घडण, आणि म्हणून त्याचा स्वभावही. फारसीच्या वाटेने हा शब्द मराठीत उतरला आणि ताठ मानेने ‘मिजास’ झाला. तिकडे लॅटिन शब्दानेही तेच केलं : ‘टेंपरामेंट’ म्हणजे स्वभाव, ‘टेंपर’ म्हणजे राग. ‘एवढी मिजास कशाची?’ असं आपण विचारतो, तेव्हा नकळत समोरच्याच्या मिश्रणाचीच चौकशी करत असतो.

या मिश्रणाला आकडा लावला इटलीतल्या पादुआच्या सांतोरिओ या वैद्याने. हवा तापली की फुगते, एवढ्या तत्त्वावर चालणाऱ्या काचेच्या नळीला त्याने मोजपट्टी जोडली. १६१२ साली छापलेल्या त्याच्या ज्या ग्रंथात या उपकरणाचा उल्लेख येतो, तो गेलेनवरचं भाष्य आहे! १७१४च्या सुमारास फॅरनहाइटने नळीत पारा भरला. १७२४मध्ये मांडलेल्या त्याच्या मोजपट्टीचं शून्य होतं बर्फ, पाणी आणि नवसागर यांचं मिश्रण, तर निरोगी अंगाची ऊब ९६. स्वीडनच्या सेल्सिअसने १७४२ साली उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठणाऱ्या पाण्याला १०० दिले. ते आकडे पुढे उलटे झाले.

आकडा आला, तरी मोजतोय ते नेमकं काय, हा घोळ उरलाच. तो सोडवला ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने, १७६०च्या आसपास. चहाचं आधण एकदा उकळायला लागलं, की खाली जाळ कितीही ठेवा, पारा वर सरकत नाही. उष्णता आत जातेय, पण ती पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतेय. म्हणजे उष्णता वेगळी, तापमान वेगळं.

दवाखान्यात मात्र ही नळी उशिरा रुळली. १८६०च्या दशकात इंग्लंडच्या ऑलबट यांनी सहा इंची, पाच मिनिटांत आकडा दाखवणारा थर्मामीटर केला. जर्मनीच्या वुंडरलिश यांनी हजारो रुग्ण तपासून १८६८च्या ग्रंथात निरोगी शरीराची सरासरी ३७ अंश सेल्सिअस मांडली.

आपला ‘तापमान’ सरळ ‘तप्’ धातूवरून आला. संताप आणि पश्चात्ताप त्याचेच भाऊबंद. मिश्रणाचा जुना अर्थ मराठीत जपला तो भूगोलाच्या पुस्तकाने. ‘टेंपरेट’ कटिबंधाला तिथे नाव आहे समशीतोष्ण. गार आणि गरम, सारख्या मापाने. आजीच्या घंगाळातलं पाणी अगदी तसंच असतं.