मुद्दाम सदोष ठेवलेले भिंग

घरात आजी-आजोबांचा स्टुडिओत काढलेला जुना कृष्णधवल फोटो असेल, तर तो जवळून पाहा. चेहऱ्यावर बहुधा एकही डाग सापडणार नाही! जळगाव-धुळ्याकडच्या स्टुडिओंत ही किमया पेन्सिलीची असे. काळा डाग निगेटिव्हवर फिका उमटतो. त्यावर शिशाचे बारीक ठिपके दिले, की छपाईत तो आसपासच्या कातडीत मिसळून जातो. काम मोठे किचकट. हात जड पडला, तर चेहरा बाहुलीचा होतो.

हेच काम भिंगाकडून करून घेण्याची युक्ती मला अधिक मौजेची वाटते. साध्या बहिर्गोल भिंगात कडेचे किरण मधल्या किरणांपेक्षा भिंगाच्या जवळ एकत्र येतात. हा दोष म्हणजे गोलीय विपथन. तो घालवण्यासाठी भिंगकारांनी पिढ्यान्‌पिढ्या डोके खपवले. सॉफ्ट फोकस भिंगात मात्र तो जाणूनबुजून शिल्लक ठेवतात. मधले किरण फिल्मवर रेखीव प्रतिमा काढतात, कडेचे किरण तिच्याभोवती मंद प्रभा पसरतात. पापणीची ठळक रेघ त्यातूनही टिकते, गालावरची बारीक सुरकुती प्रभेत बुडते. फोकस चुकलेल्या फोटोत असे होत नाही. तेथे प्रत्येक बिंदूची सरसकट चकती होते, रेखीव गाभाच उरत नाही.

प्रभेचा विस्तार छिद्राच्या त्रिज्येच्या घनाप्रमाणे बदलतो. ॲपर्चर एफ/४ वरून एफ/८ केले, म्हणजे त्रिज्या निम्मी केली, की विस्तार एक-अष्टमांश! मऊपणा जवळजवळ गेलाच. यावर जर्मनीच्या रोडेनस्टॉक कंपनीच्या इमॅगॉन भिंगात (सुमारे १९३०) एक तोड होती : चाळणीसारखी तबकडी. मधल्या मोठ्या भोकातून रेखीव प्रतिमा, भोवतीच्या लहान भोकांतून मोजकी प्रभा. १९७० साली निघालेल्या मामिया आरबी६७ या १२० फिल्मच्या कॅमेऱ्यासाठीही १५० मिमीचे असे भिंग तबकड्यांसह मिळे. मात्र छिद्र बदलले की फोकसची जागाही सरकते. म्हणून तबकडी बसवूनच फोकस करावा लागतो.

मोबाइलमधली चेहरा उजळणारी सोय बारकावे पुसून टाकते. भिंग काही पुसत नाही, वर प्रकाश पसरते. तरी ओळखपत्राच्या फोटोला दोन्ही नकोत!

चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांनी टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून खरीखुरी वाटणारी निसर्गदृश्ये टिपली. त्यांचे संग्रहालय पाहाल तेव्हा कोणत्या कडा तीव्र आणि कोणत्या मऊ आहेत, तेही न्याहाळा.

आता प्रयोग. सुमारे ५ सेंमी व्यासाचे, १५ सेंमी नाभीय अंतराचे भिंग घ्या. काळ्या कागदाच्या दोन चकत्या कापा : एकीला मध्ये १ सेंमीचे भोक, दुसरी ४ सेंमी व्यासाची, भोक नसलेली. एकेक चकती भिंगावर मधोमध चिकटवून दूरच्या दिव्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर घ्या आणि भिंगापासूनचे अंतर मोजा. (सूर्याकडे भिंग धरू नका.) दुसऱ्या चकतीने ते सुमारे अर्धा सेंटिमीटर कमी भरेल.