दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतला धूर

खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा. अशा कारखान्यांतील कामगारांसाठी 1948 च्या कारखाना कायद्याने एक साधी अट घातली होती: घातक धूळ किंवा धूर जिथे तयार होतो, तिथेच शक्यतो ओढून घ्यायचा, कामगाराच्या नाकात जाऊ द्यायचा नाही. धूर ऑपरेशन थिएटरमध्येही निघतो. तिथे मात्र त्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. छोटी छिद्रे, कमी वेदना, लवकर घरी. रुग्णाचा हा फायदा निर्विवाद आहे. प्रश्न टेबलाभोवती उभ्या असलेल्यांचा आहे.

या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात. विजेच्या उपकरणाने ऊती कापताना आणि रक्तस्राव थांबवताना होणारा धूर आत कोंडतो. उपकरण बदलताना, नळीची झडप उघडताना किंवा पित्ताशय बाहेर काढताना तो झोताने सुटतो, तोही थेट चेहऱ्यांच्या उंचीवर.

या धुरात सुमारे 95 टक्के पाण्याची वाफ असते. उरलेल्या भागात बेंझीन, फॉर्मल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड यांसारखी रसायने, अतिसूक्ष्म कण आणि काही वेळा विषाणूंचे अंशही असतात. कोरियातील 2016 च्या एका अभ्यासात हिपॅटायटिस बी असलेल्या 11 पैकी 10 रुग्णांच्या धुरात त्या विषाणूचा डीएनए सापडला. डीएनए सापडणे म्हणजे संसर्ग होणे नव्हे. पण डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे आणि डोके दुखणे हा थिएटरमधल्या अनेकांचा नेहमीचा अनुभव असतो.

2020 मध्ये कोविडच्या भीतीने ब्रिटनमधील शल्यचिकित्सकांच्या संस्थांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया शक्यतो टाळण्यास सांगितले होते. या धुरातून कोविड पसरल्याचा ठोस पुरावा पुढे मिळाला नाही आणि शस्त्रक्रिया पूर्ववत झाल्या. धुराचा विषयही मागे पडला.

साधा सर्जिकल मास्क मुख्यतः थेंब अडवण्यासाठी असतो, हे सूक्ष्म कण त्यातून आत जातात. एन-95 कण बऱ्यापैकी रोखतो, पण वायू रोखत नाही. म्हणून खरा उपाय उगमापाशीच आहे. नळीच्या तोटीला फिल्टर असलेली शोषणयंत्रणा जोडावी. पोटातला वायू त्यातूनच सोडावा आणि मगच नळ्या काढाव्यात. उपकरणाची वीज गरजेपुरतीच ठेवावी. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्याने 2018 मध्ये धूर ओढून घेणे कायद्यानेच बंधनकारक केले.

रुग्ण त्या खोलीत तासभर असतो आणि तोही बंद नळीतून श्वास घेत असतो. परिचारिका, भूलतज्ज्ञ, थिएटरमधल्या मावशी आणि वॉर्डबॉय तीच हवा वर्षानुवर्षे घेतात. रुग्णालयाच्या खरेदीच्या यादीत नव्या कॅमेऱ्यासोबत या फिल्टरचीही एक ओळ असायला हवी.