वेगवान मोटारीसाठी क्लचची निवड

मोटारीचे एंजिन आणि तिची चाके यांच्यामधील दुवा म्हणजे क्लच. पायपट्टी दाबली की हा दुवा सुटतो, सोडली की पुन्हा जुळतो. एंजिन थांबलेल्या अवस्थेतून स्वतःहून जोर देऊ शकत नाही. त्याला आधी काही गती असावी लागते. उलट, उभ्या मोटारीची चाके स्थिर असतात. फिरणारा भाग आणि स्थिर भाग यांना धक्का न देता एकत्र आणावयाचे काम घर्षणावर सोपविलेले असते. मोटारीची शक्ती वाढविणारे हौशी लोक बहुधा एंजिनाकडे पाहतात आणि या मुक्या सेवकाला विसरतात. वाढलेला जोर जेव्हा चाकांपर्यंत पोहोचत नाही, तेव्हाच त्याची आठवण होते.

क्लचची रचना फारशी गुंतागुंतीची नाही. एंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चक्र बसविलेले असते. त्याला लागून दोन्ही बाजूंनी घर्षण-अस्तर चढविलेली क्लच प्लेट असते आणि तिच्या पाठीशी प्रेशर प्लेट. प्रेशर प्लेटमधील बशीच्या आकाराची पोलादी स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. पायपट्टी दाबली असता रिलीज बेअरिंग या स्प्रिंगच्या मध्यभागावर रेटले जाते, दाब निघून जातो आणि प्लेट मोकळी होते.

असा क्लच किती जोर पेलू शकेल, हे चार गोष्टींवर अवलंबून असते : स्प्रिंगचा दाब, अस्तराचा घर्षणगुणांक, अस्तराची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. या चारींचा गुणाकार केला की क्लचची क्षमता मिळते. उदाहरणादाखल, दाब ५,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ५१० किलोग्रॅम वजनाइतका, घर्षणगुणांक ०.३, सरासरी त्रिज्या साडेनऊ सेंटिमीटर आणि पृष्ठभाग दोन असे मानू. गुणाकार २८५ न्यूटन-मीटर येतो. एंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरविण्याचा जोर, २१० न्यूटन-मीटर असेल, तर हा क्लच त्याला पुरून उरतो. ही शिल्लक चैनीसाठी नसते. अस्तर झिजते, तापते, आणि तापल्यावर त्याची पकड सैल होते. त्या दिवसांसाठी ती राखलेली असते.

आता टर्बोचार्जर बसवून किंवा अन्य उपायांनी याच एंजिनाचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटरवर नेला असे समजू. जुना क्लच घसरू लागेल. यावर उपाय कोणते? दाब ६,५०० न्यूटन केला तर क्षमता ३७० च्या आसपास जाते. परंतु तरफांची रचना तीच राहिली तर पायावरचा भारही त्याच प्रमाणात वाढतो. शिवाय पायपट्टी दाबलेली असताना हा सारा रेटा क्रँकशाफ्टला पुढे ढकलीत असतो आणि तो तेथील थ्रस्ट बेअरिंगला सोसावा लागतो. दुसरा उपाय म्हणजे ०.४ घर्षणगुणांकाचे अस्तर. त्याने क्षमता ३८० होते, पायाला त्रास नाही, पण मोटार सुटताना झटके बसू लागतात. तिसरा उपाय दोन प्लेटींचा. त्याने पृष्ठभाग चार होतात आणि क्षमता एकदम दुप्पट, म्हणजे ५७०, होते. मात्र खर्च वाढतो आणि जागाही अधिक लागते. प्रत्येक उपायाची किंमत कोठे ना कोठे मोजावीच लागते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

अस्तरांचे प्रकारही समजून घेण्यासारखे आहेत. सर्वसाधारण मोटारीत तंतू आणि राळ यांपासून बनविलेले सेंद्रिय अस्तर असते. ते मऊपणे जुळते, मात्र अति तापले तर जळते आणि त्याचा विशिष्ट वास येतो. केव्हलारसारख्या अरामिड तंतूंचे अस्तर अधिक टिकाऊ असते, परंतु त्याला आरंभी सांभाळून वापरावे लागते. धातूची भुकटी आणि सिरॅमिक द्रव्ये एकत्र भाजून केलेले अस्तर मोठी उष्णता सोसते. ते बहुधा पाकळ्यांसारख्या सुट्या तुकड्यांत बसविलेले असते. शर्यतीच्या मैदानावर ते उत्तम. शहराच्या गर्दीत, क्षणोक्षणी थांबत जाताना, ते चालकाचाही अंत पाहते आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभागही लवकर खाते. फॉर्म्युला वन शर्यतींत तर दहा सेंटिमीटरहूनही कमी व्यासाचे, अनेक कार्बन प्लेटींचे क्लच वापरतात. पण त्यांच्या दिमतीला यंत्रज्ञांचा ताफा असतो.

उष्णतेचा हिशेब अनेकांच्या ध्यानात येत नाही. उभी मोटार सोडताना एंजिनाचा वेग कायम ठेवला, तर मोटारीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, सुमारे तेवढीच क्लचमध्ये उष्णतारूपाने निर्माण होते. एक हजार किलोग्रॅमची मोटार ताशी १८ किलोमीटर वेगाला क्लच पूर्ण जुळेल अशा बेताने सोडली, तर ही उष्णता १२,५०० जूल असते. एंजिन दुप्पट वेगाने फिरवून सोडली तर ती ५०,००० जूल होते. वेग दुप्पट, उष्णता चौपट. ही उष्णता मुख्यतः फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या धातूत साठते. म्हणून हलके फ्लायव्हील बसविणाऱ्याने हे ओळखावे की, एंजिन चपळ होते खरे, पण उष्णता साठविण्याची कोठी लहान होते.

फ्लायव्हीलविषयी आणखी एक गोष्ट. जर्मनीतील लूक कंपनीने १९८५ साली दोन वस्तुमानांचे फ्लायव्हील उत्पादनात आणले. त्यातील दोन भागांमध्ये स्प्रिंगा असून त्या एंजिनाची थरथर गिअरबॉक्सपर्यंत जाऊ देत नाहीत. त्याऐवजी एकसंध फ्लायव्हील बसविल्यास क्लच प्लेटच्या मध्यभागी तरी स्प्रिंगा असाव्यात. अन्यथा मोटार उभी असताना गिअरबॉक्स खडखडतो.

सर्वांत शहाणपणाची निवड पुष्कळदा उत्पादकाच्याच कोठारात सापडते. माझ्दा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनांची मोटार १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम मांडण्यात आली. तिच्या १.६ लिटरच्या एंजिनाला २०० मिलिमीटर व्यासाचा क्लच होता. १९९३ साली १.८ लिटरचे एंजिन आले आणि त्यासोबत २१५ मिलिमीटरचा क्लच. जुन्या मोटारींचे मालक शक्ती वाढविताना नव्या एंजिनाचे फ्लायव्हील व क्लच जोडीने बसवू लागले. व्यासातील वाढ अवघी दीड सेंटिमीटर. परंतु त्रिज्या आणि उष्णता सोसणारे क्षेत्र दोन्ही वाढतात आणि पायपट्टीचा स्वभाव मात्र सौम्यच राहतो.

निवड करण्यापूर्वी दोष खरोखर क्लचचाच आहे काय, हे तपासावे. वरच्या गिअरमध्ये, मोकळ्या रस्त्यावर, एंजिन सावकाश फिरत असताना अॅक्सिलरेटर दाबला आणि एंजिनाचे फेरे वाढूनही मोटारीचा वेग वाढला नाही, तर क्लच घसरत आहे असे समजावे. तथापि क्रँकशाफ्टचे ऑइल सील गळून अस्तर तेलकट झाले असेल, किंवा क्लचच्या केबलला आवश्यक तेवढा ढिलेपणा ठेवलेला नसेल, तर कितीही महाग क्लच बसविला तरी तोच अनुभव येईल.

विक्रेते पहिली, दुसरी, तिसरी अशा पायऱ्या सांगतात. या पायऱ्यांना सर्वमान्य असे प्रमाण नाही; एकाची दुसरी ती दुसऱ्याची तिसरी असू शकते. म्हणून पायरी न विचारता टॉर्कची क्षमता विचारावी, आणि ती एंजिनापाशी मोजलेली की चाकांपाशी, हेही विचारावे. अश्वशक्तीचा आकडा येथे उपयोगी नाही, कारण तो फेऱ्यांच्या वेगावरही अवलंबून असतो. क्लचला सोसावा लागतो तो टॉर्क. गरजेपेक्षा तिप्पट क्षमतेचा क्लच घेणे हेही शहाणपण नव्हे. काही प्रमाणात घसरणारा क्लच अचानक बसणारा धक्का स्वतः झेलतो. तो मुळीच घसरला नाही, तर तोच धक्का गिअरच्या दात्यांवर आणि अॅक्सलवर जातो.

काम चालू असताना फ्लायव्हीलचा पृष्ठभाग घासून सपाट करून घ्यावा. रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदलावे, कारण त्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी बेअरिंगच्या किमतीहून कितीतरी अधिक असते. जुन्या अस्तरांमध्ये अॅस्बेस्टॉस वापरीत असत आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक ठरते. यास्तव जुन्या मोटारीचा क्लच उघडताना हवेच्या झोताने धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ही काळजी मालकाहून अधिक त्या कामगाराच्या हिताची आहे, जो असे काम रोज करतो.

नवा क्लच बसविल्यावर पहिले काहीशे किलोमीटर, उत्पादकाने सांगितले असेल तितके, मोटार संथपणे चालवावी, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांशी नीट जुळतात. मोटार कोठे आणि कशी चालवावयाची आहे, याचे प्रामाणिक उत्तर ज्याने स्वतःला दिले, त्याची अर्धी निवड झालीच असे समजावे. बाकीची अर्धी साध्या गुणाकाराने होते.