टॉप फ्युएल : चार सेकंदांचा खेळ, दिवसभराची मेहनत

• ड्रॅग रेस : सरळ धावपट्टीवर दोन गाड्यांची जागेवरून सुटणारी शर्यत. हरलेली गाडी बाद. टॉप फ्युएल हा यातील गाड्यांचा एक वर्ग.

• संस्था : या शर्यती भरवणारी अमेरिकेतील नॅशनल हॉट रॉड असोसिएशन. वॉली पार्क्स यांनी १९५१मध्ये स्थापन केली.

• अंतर : पूर्वी पाव मैल (४०२ मीटर). चालक स्कॉट कलिटा यांच्या अपघाती मृत्यूनंतर २००८पासून १,००० फूट (३०५ मीटर).

• इंजिन : सुमारे ८.२ लिटरचे व्ही-८, सुपरचार्जरसह. इंधनात सुमारे ९० टक्के नायट्रोमिथेन, बाकी मिथेनॉल.

• वेग : ताशी ५०० किलोमीटरच्या वर. थांबण्यासाठी दोन पॅराशूट.

• ख्रिसमस ट्री : सुटण्याचा इशारा देणारा दिव्यांचा खांब. पिवळे दिवे एकदम लागतात, ०.४ सेकंदांनी हिरवा. आधी सुटल्यास लाल.

• वेळापत्रक : साधारणतः शुक्रवार-शनिवारी पात्रता, रविवारी बाद फेऱ्या. १६ गाड्यांत विजेत्याला चार फेऱ्या जिंकाव्या लागतात.

• पिट (गाड्यांच्या दुरुस्तीची जागा) : प्रत्येक धावेनंतर इंजिन उघडून पिस्टन, बेअरिंग, क्लचच्या चकत्या तपासतात; तासाभरात पुन्हा जोडणी. स्पार्क प्लग क्रमाने मांडतात. टोकांच्या झिजेवरून कोणत्या सिलिंडरला इंधन कमी पडले, ते कळते.

• प्रेक्षकांसाठी : तिकिटावरच पिटमध्ये प्रवेश मिळतो. कानांसाठी इअरप्लग जरूर न्या.