वीज कापली की संपली?

‘वीज कापली’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या वाक्याला कर्ता असतो. कोणीतरी ती कापलेली असते. तो कोण, कोणाच्या हुकमाने आला, आधी नोटीस दिली होती काय, हे प्रश्न विचारता येतात. ‘वीज संपली’ असे म्हटले की कर्ता नाहीसा होतो. तेल संपते, पीठ संपते, तशी वीज संपली. मग जाब विचारायचा कोणाला? प्रीपेड मीटरचा सगळा प्रश्न या दोन क्रियापदांत आहे. हे मीटर चालते कसे ते सांगावे आणि त्याबरोबर आपला कोणता हक्क त्या डबीत जाऊन पडतो तेही सांगावे, म्हणून हा लेख.

मी श्रीपूरला राहतो. माळशिरस तालुक्यातले हे साखर कारखान्याचे गाव. वायरिंगची कामे करत माझे आयुष्य गेले, म्हणून वस्तीतली माणसे विजेचे बिल घेऊन माझ्याकडे येतात. अलीकडे ती एकच प्रश्न विचारतात: “दादा, हे नवं मीटर मोबाइलसारखं आहे का? पैसे संपले की बंद?” या प्रश्नाला आज ‘नाही’ आणि ‘होऊ शकते’ अशी दोन उत्तरे द्यावी लागतात. दोन का, ते पुढे येईल.

आधी मीटर. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. नऊ वॅटचे चार दिवे पाच तास, पंचाहत्तर वॅटचे दोन पंखे दहा तास आणि ऐंशी वॅटचा टीव्ही चार तास, एवढे जमवले की दिवसाला बरोबर दोन युनिट होतात, महिन्याला साठ. त्यात पंख्यांचा वाटा पंचेचाळीस युनिटांचा आहे, दिव्यांचा जेमतेम साडेपाचांचा. म्हणजे पोरांच्या अभ्यासाचा दिवा विझवून काटकसर होत नाही. पाणी तापवायची दीड हजार वॅटची कांडी चाळीस मिनिटे लावली की त्यात एक युनिट जाते. ती रोज लावली तर साठाचे नव्वद होतात.

प्रीपेड मीटर दोन जातींचे आहे. जुन्या जातीत मीटरवर आकड्यांची बटणे असतात. दुकानात पैसे भरले की वीस आकडी क्रमांक मिळतो, तो मीटरात घातला की तेवढी वीज जमा होते. दक्षिण आफ्रिकेत असे मीटर १९९० च्या दशकापासून कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत बसले. नव्या जातीचे नाव स्मार्ट मीटर. यात शिल्लक रक्कम मीटरात नसते, कंपनीच्या संगणकात असते. मीटर ठराविक वेळाने आपला आकडा मोबाइलच्या जाळ्यावरून किंवा रेडिओलहरींनी पाठवते, संगणक दराने हिशेब करून रक्कम वजा करतो. मीटरच्या पोटात एक स्विच असतो. शिल्लक संपली की दुरूनच त्याला आज्ञा जाते आणि घरात अंधार होतो. पैसे भरले की दुसरी आज्ञा जाते. शिडी नाही, पक्कड नाही, माणूस नाही.

हेच मीटर महिनाअखेरच्या बिलावरही चालते. प्रीपेड की पोस्टपेड, हे संगणकातल्या नोंदीने ठरते. त्यासाठी मीटर बदलावे लागत नाही. दोन उत्तरे द्यावी लागतात ती यामुळे. केंद्राच्या २०२० च्या वीजग्राहक हक्क नियमांत नवी जोडणी स्मार्ट प्रीपेड किंवा प्रीपेड मीटरनेच द्यावी असे लिहिले गेले. २०२१ च्या वितरण सुधारणा योजनेत देशभर पंचवीस कोटी मीटरांचे उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्रात महावितरणने २०२३ साली दोन कोटींहून अधिक मीटरांची कंत्राटे दिली. ग्राहक संघटनांनी आणि कामगार संघटनांनी विरोध केला, तेव्हा जून २०२४ मध्ये सामान्य घरगुती ग्राहकाला स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही, असे राज्य सरकारने जाहीर केले. पुढे टीओडी या नावाने स्मार्ट मीटर बसू लागले. बिल मात्र महिन्याच्या महिन्याला येणार, असे सांगण्यात आले. म्हणजे डबी भिंतीवर आली आहे. तिच्यातला प्रीपेड तेवढा झोपलेला आहे. तो जागा व्हायच्या आत आपण जागे झालेले बरे.

प्रीपेडची बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ४७ असे की, जो प्रीपेड मीटरवर वीज घ्यायला तयार आहे त्याच्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. आपल्या माणसाला ही ठेव किती जड जाते, हे सरकारलाही ठाऊक आहे. २०२१ साली अनुसूचित जाती-जमातींसाठी काढलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजनेत पाचशे रुपयांची ठेव पाच हप्त्यांत भरायची सोय करावी लागली होती. शिवाय प्रीपेडमध्ये अंदाजे बिल नाही, थकबाकीचा डोंगर नाही. चार माणसांच्या देखत दारात उभे राहून “बिल भरायला होत नाही तर दिवे कशाला लावता?” असे विचारणारा माणूसही नाही. हा शेवटचा फायदा पैशात मोजता येत नाही. ज्यांनी तो अपमान गिळला आहे त्यांना तो कळेल.

पण या व्यवहाराची दिशा पाहा. उसाच्या मुलखात उचल हा शब्द पोरालाही कळतो. मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि हंगामभर ती मजुराच्या अंगातून फेडून घेतो. उचल घेणारा बांधला जातो. प्रीपेड ही उलटी उचल आहे. इथे मजूर कंपनीला आगाऊ पैसे देतो. पण त्यामुळे कंपनी बांधली जात नाही. वीज गेली, डीपी जळाला, तीन दिवस अंधार पडला, तरी त्याचे पैसे तिच्याच खात्यात पडून असतात. मजूर उचल घेतो तेव्हा ते त्याचे कर्ज ठरते. तो आगाऊ देतो तेव्हा त्याला रिचार्ज म्हणतात. विश्वास कोणी कोणावर ठेवायचा, हे पूर्वीसारखेच ठरलेले आहे.

आता हक्काचे. वीज कायद्याचे कलम ५६ सांगते की, बिल थकले तरी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे. बिलाविषयी वाद असेल तर मागितलेली रक्कम निषेध नोंदवून भरता येते, किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी भरता येते. यांपैकी जी कमी ती भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. हे पंधरा दिवस म्हणजे गरिबाची मोठी मिळकत आहे. एवढ्यात आठवड्याचा पगार होतो, बचत गटातून काही मिळते, एखादी शेळी विकली जाते. प्रीपेडमध्ये ‘थकणे’ ही अवस्थाच उरत नाही. थकबाकी नाही म्हणून नोटीस नाही, आणि नोटीस नाही म्हणून पंधरा दिवसही नाहीत. मोबाइलवर एक संदेश येतो, आणि मोबाइल बहुधा घरधन्याच्या खिशात दूर कुठल्यातरी फडावर असतो. वादाचेही तसेच. बिल चुकीचे असेल तर आज आपण आधी भांडतो आणि मग भरतो. प्रीपेडमध्ये पैसे आधी जातात, भांडण मागाहून राहते.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. विजेच्या या प्रश्नाचा निकाल पाण्याच्या एका खटल्यात जगापुढे येऊन गेला आहे. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत फिरी नावाची वस्ती आहे. तिथे पाण्याला प्रीपेड मीटर बसले. महिन्याचे ठरलेले फुकट पाणी संपले आणि पैसे नसले की नळ बंद. तिथल्या रहिवाशांनी खटला केला. खालच्या न्यायालयांत ते जिंकले. ऑक्टोबर २००९ मध्ये संविधान न्यायालयाने मात्र निकाल फिरवला. त्याचे म्हणणे असे की, हे पाणी तोडणे नव्हे. पुढचा महिना येईपर्यंत किंवा पैसे भरेपर्यंत पाणी थांबलेले आहे, म्हणून तोडण्यापूर्वीची नोटीस इथे लागत नाही. त्याच महिन्यात त्याच न्यायालयापुढे दुसरे प्रकरण होते. एका इमारतीतले भाडेकरू घरमालकाकडे विजेचे पैसे भरत होते, मालकाने ते पुढे भरले नाहीत आणि महापालिकेने वीज तोडली. तिथे न्यायालय म्हणाले की, भाडेकरूंना चौदा दिवसांची नोटीस मिळायलाच हवी होती. ज्यांची वीज ‘कापली’ त्यांना नोटिशीचा हक्क मिळाला. ज्यांचे पाणी ‘संपले’ त्यांना मिळाला नाही. क्रियापद बदलले की हक्क बदलतो, याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

इंग्लंडमध्ये नाणे टाकून चालणारे मीटर पिढ्यान्‌पिढ्या गरिबांच्या घरात होते. पैसे नाहीत म्हणून माणूस अंधारात बसतो, त्याला तिथे ‘स्वतःच तोडून घेणे’ अशा अर्थाचा शब्द रूढ आहे. म्हणजे कर्ता सापडला, आणि तो गरीबच निघाला! पण तिथल्या लोकांनी भांडून काही मिळवलेही. पैसे संपल्यावर थोडी उसनी वीज मिळते आणि रात्री पुरवठा बंद होत नाही. थकबाकीदारांच्या घरात जबरदस्तीने असे मीटर बसवल्याची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा २०२३ मध्ये नियामकाने ते थांबवले. पुढे, दोन वर्षांखालील मूल असलेल्या घरांत ते सक्तीने बसवता येणार नाही, असा नियम आला. दक्षिण आफ्रिकेने २००३ पासून गरीब घराला महिन्याला पन्नास युनिट फुकट देण्याचे धोरण धरले. यंत्र तेच आहे. त्याला कोणत्या अटी घालायच्या, ते समाज ठरवतो.

वीज ही बाजारातली एक वस्तू, परवडेल त्याने घ्यावी, असे कोणी म्हणेल. बाबासाहेबांनी तसे मानले नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज त्यांच्या खात्याकडे होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक हवी, असा आग्रह धरला. कारण औद्योगिकीकरणावाचून या देशातला माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही, असे त्यांचे मत होते. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चमेली सिंग खटल्यात निवाऱ्याच्या हक्कात वीजही धरली. ते प्रकरण उत्तर प्रदेशात दलितांच्या घरांसाठी घेतलेल्या जमिनीचे होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. वीज निवाऱ्याचा भाग असेल, तर ती ‘संपते’ म्हणून मोकळे होता येत नाही.

म्हणून वाचकांना चार गोष्टी सांगतो. एक, नवे मीटर बसवताना जुन्या मीटरचा शेवटचा आकडा आणि नव्याचा पहिला आकडा लिहून घ्या, फोटो काढा. दोन, मीटर पळते असा संशय आला तर स्वतः तपासा. मीटरवर एका युनिटला किती ठिणग्या ते छापलेले असते. ३२०० असेल तर घरातले सगळे बंद करून एक हजार वॅटची एकच वस्तू लावा. लाल दिवा मिनिटाला सुमारे त्रेपन्न वेळा लुकलुकला पाहिजे. सगळे बंद असूनही तो लुकलुकत असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी गळती आहे किंवा कोणाची तरी वायर जोडलेली आहे. तीन, दराचे टप्पे समजून घ्या. आपल्याकडे महिन्याच्या शंभर युनिटांनंतरच्या प्रत्येक युनिटाला चढा दर लागतो. त्यामुळे प्रीपेड असेल तर महिन्याच्या सुरुवातीचे शंभर रुपये जितके दिवस पुरतात तितके अखेरचे पुरत नाहीत. त्यात स्थिर आकार वीज वापरली नाही तरी लागतो, तो वेगळा. चार, तक्रार लेखी करा आणि पोच घ्या. कंपनीने ऐकले नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे. तिथे वकिलावाचूनही आपले म्हणणे मांडता येते.

आणि एक मागणी आपण एकत्र केली पाहिजे. माझ्या लेखी संमतीवाचून माझे मीटर प्रीपेड होता कामा नये. आणि झाले तरी कलम ५६ चे पंधरा दिवस त्याच्यासोबत आले पाहिजेत. रात्री आणि सुटीच्या दिवशी वीज बंद होऊ नये, गावातच रोख पैसे घेणारी खिडकी असावी, सूचना मराठीत आणि घरातल्या बाईच्याही मोबाइलवर यावी. यांतले काहीही यंत्राला अवघड नाही. जे यंत्र दुरून वीज बंद करू शकते ते दुरून पंधरा दिवस थांबूही शकते.

उद्या वस्तीत दिवे गेले आणि कोणी विचारले, तर ‘आमची वीज संपली’ असे सांगू नका. ‘आमची वीज कापली’ असेच म्हणा. वाक्याला कर्ता राहू द्या. जाब विचारायला तो लागतो.