नव्या करारातील ग्रीक शब्दांचे कोश

बायबलचा नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला, तिच्यातील शब्दांचे अर्थ आणि प्रयोग नोंदविणारे हे अभ्यासकोश होत. भाषांतर वाचणाऱ्यापुढे एकच प्रतिशब्द असतो. कोश त्या शब्दाचा तत्कालीन व्यवहार समोर ठेवतो.

पार्श्वभूमी

अथेन्सच्या अभिजात ग्रीकपेक्षा नव्या कराराची भाषा वेगळी दिसते. त्यामुळे ती एक स्वतंत्र धर्मभाषा असावी, असे बराच काळ मानले जाई. जोसेफ थेअर यांचा मान्यताप्राप्त इंग्रजी कोश (१८८६) त्याच काळातील आहे. पुढे इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवरील पत्रे, पावत्या व करारनामे अभ्यासले गेले आणि ही भाषा बाजारातली, घरातली सामान्य ग्रीक, म्हणजे ‘कोइने’, असल्याचे स्पष्ट झाले. आडोल्फ डाइसमान यांनी १९०८ च्या ग्रंथात याची अनेक उदाहरणे दिली. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दिखाऊ दानधर्म करणाऱ्यांविषयी ‘अपेखो’ हे क्रियापद येते. पावत्यांवर तेच क्रियापद पूर्ण रक्कम पोहोचल्याची कबुली म्हणून लिहीत. मराठी दस्तऐवजांतील ‘भरून पावलो’ हा प्रयोग याच जातीचा आहे. मोल्टन व मिलिगन यांच्या कोशात (१९१४–२९) असे पुरावे अकारविल्हे लावलेले आहेत.

प्रमुख कोश

वाल्टर बावर यांचा जर्मन कोश (१९२८) आजच्या अभ्यासाचा पाया मानला जातो. त्याची इंग्रजी आवृत्ती १९५७ मध्ये निघाली. फ्रेडरिक डँकर यांनी २००० मध्ये तिचे नवे संस्करण करताना प्रतिशब्दांच्या जोडीला अर्थाची व्याख्याही दिली. मराठी अभ्यासकाला ही सोय विशेष मोलाची आहे. इंग्रजी प्रतिशब्दाचे पुन्हा मराठी केले की अर्थ दोनदा घसरतो. व्याख्येवरून मात्र मराठी शब्द स्वतंत्रपणे शोधता येतो. लाऊ व नायडा यांचा कोश (१९८८) शब्द अर्थक्षेत्रांनुसार लावतो. अमरकोशाचे वर्ग ठाऊक असणाऱ्याला ही रचना परकी वाटणार नाही.

गेर्हार्ट किटेल यांच्या संपादकत्वाखाली १९३३ पासून निघालेला बहुखंडी कोश शब्दांमागील धर्मविचार सांगतो. एखाद्या शब्दाच्या सर्व प्रयोगांतील अर्थ एकाच ठिकाणी लादण्याच्या आणि व्युत्पत्तीवर भिस्त ठेवण्याच्या त्याच्या पद्धतीवर जेम्स बार यांनी १९६१ मध्ये कठोर टीका केली. यौगिक अर्थापेक्षा रूढ अर्थ बलवान, हा भारतीय शब्दविचारातील जुना मुद्दाच येथे लागू पडतो.

मराठीतील प्रश्न

अहमदनगर (अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र १८३१ मध्ये सुरू झाले. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये येथूनच निघाले आणि रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी येथील धर्मशिक्षणशाळेत अध्यापन केले. या परिसरातील ख्रिस्ती बोलीत रुळलेला ‘मंडळी’ हा शब्द कोशाच्या कसोटीवर चांगला उतरतो. मूळ शब्द ‘एक्क्लेसिया’. त्याचा यौगिक अर्थ ‘बाहेर बोलावलेले’ असा सांगितला जातो, पण रूढ अर्थ नागरिकांची सभा. प्रेषितांच्या कृत्यांच्या १९ व्या अध्यायात इफिससच्या नाट्यगृहातील गोंधळलेल्या जमावालाही हाच शब्द लावला आहे. ‘चर्च’ म्हटले की इमारत डोळ्यांपुढे येते. ‘मंडळी’ म्हटले की माणसे.

‘हिलास्तेरिओन’ची गोष्ट अवघड आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तो कोशाच्या पेटीवरील झाकणाचा, दयासनाचा, शब्द. मराठीत त्यासाठी ‘प्रायश्चित्त’ योजले, तर धर्मशास्त्रातील प्रायश्चित्त पापी स्वतः घेतो, आणि रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो उपाय देवाने पुढे केलेला आहे.

रूढ भाषांतरातील संस्कृतप्रचुर भाषा आणि तिच्यासोबत येणाऱ्या हिंदू धर्मकल्पना पंडिता रमाबाईंना खटकत. त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. हे काम दौंड तालुक्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झाले. अहमदनगरलगतचे केडगाव वेगळे. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या आणि मिशनच्याच छापखान्यात छापलेले ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.