जसे शहर, तसे तंत्रज्ञान

केंद्र सरकारने जून २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्मार्ट सिटी’ अभियानासाठी देशभरातील १०० शहरे निवडली गेली. नियंत्रण कक्ष सर्वत्र उभे राहिले. शहरांच्या गरजा मात्र भिन्न होत्या.

माळव्यातील इंदूरपुढे कचऱ्याचा प्रश्न होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून जैव-सीएनजी निर्माण करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. या यंत्रणेचा खरा आधार म्हणजे घरोघरी वेगळा ठेवला जाणारा ओला व सुका कचरा.

बेटांच्या कोचीत प्रश्न निराळा होता. बेटवासीयांना शहराशी जोडण्यासाठी एप्रिल २०२३ मध्ये तेथे ‘वॉटर मेट्रो’ अवतरली. प्रामुख्याने बॅटरीवर चालणाऱ्या तिच्या बोटी तरंगत्या धक्क्यांना लागतात. भरती-ओहोटीबरोबर हे धक्केही वर-खाली होत असल्याने चाकाच्या खुर्चीवरील प्रवासीही बोटीत सहज प्रवेश करू शकतो. जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेने या प्रकल्पास कर्ज दिले आहे.

कर्ज मंजूर करण्यापूर्वी बँक ग्राहकाची गरज पारखते. शहरांनीही तंत्रज्ञान स्वीकारताना हाच विवेक बाळगावयास हवा. अन्यथा यंत्रे धूळ खात पडतात आणि हप्ते मात्र सुरूच राहतात!